लतीच्या ओंजळीने सात

पंचवटी, नाशिक
भाद्रपद वद्य दशमी

ती. लतिकाताईस,

वेणीमाधवाचा कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून नमस्कार. (उरलेला नमस्कार शिल्लक ठेवला आहे.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हिचा रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे, माझी साखर कोणाच्याच ताब्यात नाही, आणि पितृपंधरवडा असल्यामुळे घरात सध्या खीर फार होते. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर विचारलं की तू "बरे आहेत" म्हणतेस आणि लगेच इंदूरच्या पावसाकडे वळतेस, त्यावरून ते बरे नसावेत असा माझा कयास आहे. भाऊजींना जाऊन दोन वर्षं होत आली. या दोन वर्षांत मी तुला नऊ वेळा इकडे ये म्हणालो आणि नऊही वेळा तू गुडघे पुढे केलेस. म्हणून या पत्रात तुला बोलावणार नाही. नुसतं कळवतो आहे. फोनवर कळवलं असतं, पण तिथे तू मधेच "वेणू, मुद्द्याचं बोल" म्हणतेस, आणि मुद्द्याचं बोलायची मला लहानपणापासून सवय नाही. तरी तुझ्या समाधानासाठी मुद्दा आधीच सांगून टाकतो. नानांचा कारखाना पडायला आला होता, दसऱ्यापर्यंत तो नीट उभा राहिला नाही तर आमचा यशोधन तो पाडणार आहे, आणि दसऱ्याला सोळा दिवस राहिले आहेत.

कारखाना म्हणजे आपल्या मागच्या अंगणातली दहा बाय बाराची विटांची खोली, हे तुला सांगायला नको. पण परवा आमच्या सूनबाईंनी, मृण्मयीने, "आजोबांचा नक्की कसला बिझनेस होता?" असं विचारलं तेव्हा समजावताना मला घाम फुटला. सकाळी रामकुंडावर यजमानांचे विधी सांगणारा क्षेत्रोपाध्याय दुपारी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून रंधा मारत बसतो, आणि चाळीस वर्षांत त्याने केलेली एकही वस्तू चारही पायांवर उभी राहत नाही, याला व्यवसाय म्हणावं की व्यसन, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो डुगडुगणारा पाट आठवतो? मालेगावचे एक यजमान श्राद्धाला त्यावर बसले, आणि संकल्पाचं पाणी सोडताना पाट जो हलला, तो पितरच आले असं समजून त्यांना रडू कोसळलं. नानांनी त्यांना तसंच समजू दिलं. आणि तो उंदराचा सापळा. त्यात उंदीर सोडून सगळे अडकले. नानांचा अंगठा अडकला, आईचा पदर अडकला, आणि एकदा तर मी वाकून बघताना माझी नवीकोरी शेंडी अडकली. (मला सोडवायला तू कात्री आणलीस. सापळा कापायला आणलीस असा माझा समज होता.)

तर आता यशोधनबद्दल. त्याने गाडी घेतली आहे आणि ती दसऱ्याच्या मुहूर्तावर घरी येणार आहे. ठेवायला जागा एकच, मागचं अंगण. पाडव्याच्या सुमारास कारखान्याच्या कोपऱ्यातली एक वीट सुटून त्याच्या हेल्मेटवर पडली. (हेल्मेट तेव्हा खुंटीवर होतं, पण तो सांगताना डोक्यावर असल्यासारखं सांगतो.) त्या दिवशी तो शांतपणे म्हणाला, "बाबा, उद्या कोणाला लागलं तर? दसऱ्यापर्यंत चारही भिंती धड झाल्या तर गाडी मी गल्लीत लावीन. नाहीतर जेसीबी बोलावतो." मुलगा वाईट नाही, ताई. आरडाओरडा केला असता तर मला भांडता आलं असतं. त्याने मुदत दिली, आणि दिलेली मुदत तो पाळतो. अशा माणसाशी घरात राहणं फार अवघड असतं.

भिंतींची अवस्था खरंच वाईट होती. दोन-तीन पुरांचं पाणी पिऊन विटांना खालपासून लोणा लागला होता. वर पांढरी पिठी, आत लाल भुगा. खांदा टेकला तर सदरा झटकावा लागे आणि झटकलेली भिंत परत लावता येत नसे. पण मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली आहेत. धरणांच्या फायली या हातांखालून गेल्या. तेव्हा एक खोली आपल्याला काय जड, असं मला वाटलं. वैशाखात मी मोबाइलवर भिंती दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाचे व्हिडिओ बघायला लागलो. तो प्रत्येक वेळी "अगदी सोपं आहे" असं म्हणून सुरुवात करतो, आणि त्याच्या बाबतीत ते खरंही असावं. मी दोन विटांमधल्या दरजा खरवडल्या आणि सिमेंटने भरून काढल्या, तेही चांगल्या सढळ हाताने. पुरी झालेली भिंत बघायला ही सुद्धा पोळ्या टाकून मागे आली, आणि काही बोलली नाही. (लग्नाला अडतीस वर्षं झाली, हा मान मला तीनदाच मिळाला आहे.) मी हातात थापी धरून फोटो काढून घेतला आणि तुला पाठवला. तू उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवलास. तुला तेव्हाच कळलं होतं, हे मला आता कळतं आहे. तू बोलली का नाहीस?

पावसाळा लागला आणि विटांची तोंडं सुटायला लागली. पापुद्रे निघावेत तशी. सिमेंट मात्र जागच्या जागी, माझ्या खात्यातल्या जुन्या साहेबांसारखं ताठ. श्रावण संपता संपता विटा आत गेल्या होत्या आणि सिमेंटच्या चौकटी बाहेर उभ्या होत्या. भिंत नव्हती, भिंतीचा आराखडा होता. यशोधनने टीका केली नाही. एका रविवारी त्याने टेप आणून गाडीच्या लांबीरुंदीची खूण अंगणात खडूने केली. ती रेघ कारखान्याच्या दारातून आत जाते.

मग मी गवंडी शोधायला निघालो. ताई, नाशकात सध्या राष्ट्रपती भेटतील, गवंडी भेटणार नाही. कुंभमेळ्याची कामं निघाली आहेत, आणि थापी धरू शकणारा प्रत्येक हात कुठल्या ना कुठल्या घाटावर नाहीतर रस्त्यावर लागलेला आहे. मी ओळीने तीन सकाळी मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभा राहिलो. तिसऱ्या सकाळी एका मुकादमाने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि काम पाहिजे का म्हणून विचारलं. (क्षणभर बरं वाटलं, खोटं का बोलू. मग त्यानेच माझे गुडघे बघून विचार बदलला.) त्याच नाक्यावर, माझ्यासारखाच कोणी न उचललेला, हिरामण बसला होता. पेठकडचा, साठी उलटलेला. ठेकेदाराने वय बघून त्याला परत पाठवलं होतं. नाक्यावर उरलेले असे आम्ही दोघंच, त्यामुळे लगेच जमलं.

हिरामणने घरी आल्यावर पाणीसुद्धा आधी घेतलं नाही. ताप बघावा तसा भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाला, "भाऊ, ही इट मऊ हाय. चुन्यातली हाय. तुम्ही शिमिट भरलं, आता तिनं पाणी टाकायचं कुठून? दरजेतून वाट नाय, मग इटेतूनच निघतं. इट लय सोसते, पर किती सोसंल." एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला पाण्याला वाट लागते हे पेठच्या हिरामणने सांगावं, यावर ही पदर तोंडाला लावून आत गेली. मी भरलेलं सिमेंट काढायला आम्हाला आठ दिवस लागले. त्यातले सहा हिरामण काम करत होता आणि मी त्याला माझं कुठे चुकलं ते समजावून सांगत होतो.

सिमेंट निघालं, आता चुना. हिरामण म्हणाला, चुन्यात काय काय घालायचं ते ज्या त्या घरचं असतं, तुमच्या वडलांनी काय घातलं होतं? मला काय ठाऊक. मी तेव्हा सहा वर्षांचा. चुन्याच्या खड्ड्यापासून दहा पावलांवर तू विटकरीने रेघ ओढली होतीस आणि तिच्या अलीकडे यायची मला बंदी होती. दोन दिवस मी डोकं खाजवत बसलो. मग सहज माळ्यावरची वही काढली. यजमानांच्या सगळ्या वह्या काकांच्या घराकडे गेल्या, पण सायखेड्याची एक वही कशी कोण जाणे आपल्याकडेच राहिली. त्यात सायखेड्याच्या एका घराच्या पाच पिढ्या उतरवल्या आहेत, कोण कधी आलं, कोणाचं काय केलं. आणि त्यांच्या पाठोपाठ शेवटच्या पानावर, त्याच अक्षरात, त्याच थाटात, जणू कारखानाही कोणी यजमानच आहे अशा रीतीने, नानांनी लिहून ठेवलं आहे : "मौजे पंचवटी, कारखाना, ईशान्य भिंत. चुना घमेली चार, वाळू सहा, विटेचा चुरा दोन. बेलफळाचा गर भिजवून. गुळाचे पाणी लतीच्या ओंजळीने सात. हस्ते चि. लती. सन १९६५."

हे वाचून मी वही घेऊन माळ्याच्या शिडीवरच बसून राहिलो.

ईशान्य भिंत म्हणजे देव्हाऱ्याची भिंत. नाना तीन महिने कारखान्यात बसून देव्हारा करत होते. कळस, महिरप, चार खांब, सगळं झालं, आणि बाहेर काढायच्या दिवशी लक्षात आलं की देव्हारा दारापेक्षा रुंद आहे. आई म्हणाली, आता देवच तिकडे नेऊन बसवा नाहीतर भिंत काढा. नानांनी भिंत काढली. मग ती परत बांधायला गवंडी बोलवायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते आणि तू. नाना विटा लावत होते आणि तू फ्रॉकवर त्यांचा पंचा गुंडाळून, आईच्या चहाच्या चमच्याने दरजा भरत होतीस. जीभ दातात धरून. मी रेघेपलीकडे उभा राहून रडत होतो, कारण मला कोणी चमचा देत नव्हतं. नाना मधून मधून मागे सरून बघायचे आणि म्हणायचे, लतीचा हात सरळ आहे. माझ्या हाताबद्दल त्यांनी आयुष्यात कधी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. तू शाळा सुटली की कारखान्यात जायचीस, तुला सुतारकाम शिकायचं होतं, आणि शिकली असतीस तर या घरात निदान एक तरी वस्तू चार पायांवर उभी राहिली असती. त्याऐवजी तुझं लग्न झालं. नानांना तुझ्याबरोबर रंधा द्यायचा होता. मुलीच्या पाठवणीत कोणी रंधा देतं का, म्हणून आईने तो काढून घेतला आणि त्या जागी पितळी डबा ठेवला. डबे तुला तसे अकरा मिळाले होते. नाना त्या संध्याकाळी कारखान्यातून जेवायला आले नाहीत. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगतो.

पण मी चुन्याचं सांगत होतो. कृती सापडल्यावर मला जो उत्साह आला त्यात मी ती नीट वाचली नाही. लतीच्या ओंजळीने सात असं स्वच्छ लिहिलेलं असताना मी गुळाचं पाणी माझ्या ओंजळीने सात घातलं. माझी ओंजळ तुला माहीत आहे, पंगतीत बुंदी वाढायला मला त्यासाठीच उभं करायचे. चुना सुरेख दिसत होता, वासही छान येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर भिंत काळी पडलेली. जवळ गेलो तर भिंत चालत होती. पंचवटीतल्या यच्चयावत मुंग्या सहकुटुंब आल्या होत्या, आणि त्यांच्या मागोमाग शेजारच्या आक्काबाई, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मुंग्या एकाएकी कुठे गेल्या ते त्यांना बघायचं होतं. ही म्हणाली, लोक पितरांना घास ठेवतात, यांनी मुंग्यांना ठेवला. बरं, मुंग्या तरी गेल्या चार दिवसांनी, चुना काही वाळेना. हिरामणला मी वही वाचून दाखवली, तर तो खाली बसून हसायला लागला. "पोरीची वंजळ कुठं आन् तुमची कुठं, भाऊ. पोर केवढी होती तवा?" मी म्हटलं, अकरा वर्षांची. मग त्याने आपली ओंजळ पुढे धरून ती हळूहळू मिटत लहान लहान केली, आणि एका ठिकाणी थांबून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, एवढीच. त्याने तुला कधी पाहिलेलं नाही, ताई, आणि तरी त्या दोन काळ्या राठ हातांत मला तुझी ओंजळ दिसली. शेवटी मृण्मयीच्या हातांनी पाच असं माप ठरलं. (तिने नखं रंगवली होती, ती बिचारीने खरवडून काढली.) यावेळी चुना थापीला धरला आणि थापीवरून सुटलाही. हिरामणने मान हलवली.

आणि एक गोष्ट सांगायची राहते. हिरामण सगळ्या भिंती हाताने चाचपत देव्हाऱ्याच्या भिंतीपाशी आला आणि थांबला. तिथला तो चार फुटांचा तुकडा त्याने वर-खाली बघितला. लोणा नाही, भुगा नाही, एक दरज सुटलेली नाही. "हा तुकडा कोन्या गवंड्यानं केला? याला आपण हात लावायचा नाय," म्हणाला. मी सांगितलं, माझ्या बहिणीने केला, चहाच्या चमच्याने. त्याचा विश्वास बसला नाही. मग त्याने चप्पल काढली आणि त्या तुकड्याला हात लावून नमस्कार केला, आणि मी तोंड धुवायच्या निमित्ताने नळाकडे गेलो. मला फार रडू आलं, ताई. नानांचं आलं, आईचं आलं, भाऊजींचं आलं, आणि तू तिकडे एकटी तीन खोल्यांत दिवसभर पंखा बघत बसतेस त्याचं सगळ्यांत जास्त आलं.

असो. आता आजची स्थिती. तीन भिंती पुऱ्या झाल्या, चौथीही जवळजवळ झाली. हिरामण परवाच्या आदल्या दिवशी एसटीने गावी गेला. शेतात नागली आहे, भात आहे, तो आता दिवाळीनंतरच उतरेल. खिडकीखालच्या तीन रांगा तेवढ्या उघड्या आहेत. आत हात घातला तर पलीकडे अंगण लागतं. यशोधन काल पुण्याचं काम उरकून परत आला, त्याने त्या बघितल्या आणि म्हणाला, "बाबा, एवढंच राहिलंय तर करून टाका ना. पण असं उघडं असेल तर मी धड नाही म्हणणार." मी म्हटलं, बघू. मृण्मयी तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला गेली.

तुला विचारायचं एवढंच की, खिडकीखालची पहिली रांग नाना आडवी लावायचे की उभी? मला आठवत नाही आणि वहीत लिहिलेलं नाही. हे तुला फोनवर सांगता येईल की नाही ते तूच बघ. मला वाटतं, फोनवर नीट समजणार नाही.

तब्येतीला जप. संध्याकाळी निदान फाटकापर्यंत तरी चालत जात जा. हिचा तुला नमस्कार, मुलांचाही. थोरल्या बहिणीला उपदेश केला त्याची माफी असावी.

तुझा
वेणू

ता. क. इंदूरहून कोणी नाशिककडे येणार असेल तर त्याच्याबरोबर अर्धा किलो शेव पाठव. लवंगेची.

ता. क. २. येणारं कोणी नसेल तर शेव तूच घेऊन यावीस. रात्रीची गाडी धरलीस तर सकाळी मनमाडला उतरशील. यशोधन तिथे घ्यायला येईल, मी त्याच्याशी बोललो आहे. खालचा बर्थ मिळेल. वर तुला बोलावणार नाही असं लिहिलं आहे, ते पान आता परत लिहीत बसत नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करत होतो, पण तुझ्यापासून लपवून काही केलं की मला जेवण जात नाही. त्या तीन रांगा राहिलेल्या नव्हत्या. हिरामणने भिंत पुरी करून दिली होती. तो गेल्यावर मी अंगणात खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसलो, आणि लक्षात आलं की आता तुला सांगायला माझ्याकडे काही उरलं नाही. कारखाना वाचला म्हणून फोन केला असता, तू बरं झालं म्हणाली असतीस, आणि पुढची दोन वर्षं अशीच गेली असती. मी आत जाऊन पटाशी आणली. चुना ओलाच होता. तासाभरात तीन रांगा काढून विटा पुसून ओळीने लावून ठेवल्या. एवढं सफाईचं काम मी जन्मात दुसरं केलेलं नाही. मृण्मयीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं आहे. यशोधनला माहीत नाही, आणि त्याची मुदत खरी आहे. नवा चुना भिजत घातला आहे. तू आलीस तर आपण दोघं मिळून त्या रांगा भरू. नाही आलीस तर मी त्या भरणार नाही.